‘थोडें’ आणि ‘थोडेंसें’
इंग्रजींतील परिमाणवाचक शब्दांविषयीं

शिक्षकाची निम्मी विद्या फळ्यावर असते, आणि आज माझ्याजवळ फळा नाहीं, खडूहि नाहीं. आहे तो केवळ आवाज. म्हणून आरंभींच एक विनंती करतों कीं, ज्यांना सोयीचें असेल त्यांनीं कागद व पेन्सिल घेऊन बसावें. मधून मधून एखादें वाक्य टिपून घ्यावेंसें वाटेल.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शाळामास्तर आहें. तीस-बत्तीस वर्षें मुलांना इंग्रजी शिकविलें आणि आतां निवृत्त होऊन घरीं बसलों आहें. शेक्सपिअर किंवा मिल्टन यांच्याविषयीं बोलण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु मुलांच्या वह्या तपासतांना ज्या शब्दांखालीं माझी लाल पेन्सिल सर्वांत अधिक झिजली, त्यांच्याविषयीं मला बोलतां येईल. हे शब्द मोठे नाहींत. ‘फ्यू’, ‘लिटल’, ‘मेनी’, ‘मच’, ‘लेस’, ‘सम’, ‘एनी’ असे ते अगदीं चिमुकले आहेत. एखादी वस्तु किती आहे, एवढेंच ते सांगतात. मोठा शब्द अडला म्हणजे आपण कोश उघडतों. हे शब्द आपणांस येतातच असें आपण समजतों. म्हणून कोश बंद राहतो, आणि चूक तशीच पुढें जाते.

अशी एक चूक माझ्या स्वतःच्या हातून झालेली आहे. प्रथम तीच सांगतों.

मला नोकरीस लागून चार-पांच वर्षें झालीं होतीं. माझा एक जुना विद्यार्थी एका पेढीवर हिशेबनिसाच्या जागेसाठीं अर्ज करीत होता. मुलगा गरिबाघरचा, वागणुकीनें निर्मळ, आणि शाळा सुटल्यावर एका दुकानांत बसून जमाखर्च लिहावयास शिकलेला. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “गुरुजी, वागणुकीचा दाखला हवा आहे, आणि तो इंग्रजींत हवा आहे.” मीं मोठ्या हौसेनें लिहून दिला. मला लिहावयाचें होतें तें असें : ‘ह्या मुलांत दोष जवळजवळ नाहींत, आणि ह्याला जमाखर्चाचें थोडेंबहुत ज्ञान आहे.’ मीं इंग्रजींत लिहिलें तें असें : ‘ही हॅज ए फ्यू फॉल्ट्स अँड लिटल नॉलेज ऑफ अकाउंट्स.’

तीन दिवसांनीं मुलगा परत आला. त्याच्या हातांत तोच कागद होता, आणि दोन ठिकाणीं शब्दांखालीं शाईची रेघ ओढलेली होती. पेढीवरील गृहस्थांनीं त्याला विचारलें होतें, “तुमच्या मास्तरांनीं ही शिफारस केली आहे कीं तक्रार?” त्या वाक्यांत खुपण्यासारखें काय आहे, हें मुलाला कळलें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि तत्काळ कळलें नाहीं. रात्रीं व्याकरणाचें पुस्तक घेऊन बसलों, तेव्हां उलगडा झाला. इंग्रजी वाचणाऱ्याच्या दृष्टीनें मीं असें लिहिलें होतें कीं, ‘ह्या मुलांत कांहीं दोष आहेत, आणि ह्याला जमाखर्चाचें ज्ञान नसल्यासारखेंच आहे.’ जेथें ‘ए’ नको होता तेथें मीं तो घातला होता, आणि जेथें हवा होता तेथून गाळला होता. दुसऱ्या दिवशीं नवा दाखला लिहून मी स्वतः पेढीवर गेलों. परंतु जागा भरली गेली होती.

चूक माझी, आणि भोगणारा दुसराच. तेव्हांपासून ह्या शब्दांकडे मी अधिक लक्ष देऊं लागलों. माझ्या ध्यानांत जें आलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों.

‘फ्यू’ म्हणजे थोडे आणि ‘लिटल’ म्हणजे थोडें, असें आपण लहानपणीं पाठ करतों. हा अर्थ खोटा नाहीं, परंतु अपुरा आहे. थोडेपणाकडे पाहण्याच्या दृष्टी दोन आहेत. डब्यांत मूठभर साखर उरली आहे असें समजा. घरांत पाहुणे आले असतां गृहिणी स्वतःशीं म्हणते, “साखर आहे थोडीशी, चहापुरती होईल.” हीच मूठभर साखर पाहून दुसरे दिवशीं ती यजमानांना म्हणते, “साखर थोडीच उरली आहे, आणावयास हवी.” साखर तितकीच आहे. पहिल्या वाक्यांत ती आहे म्हणून समाधान आहे. दुसऱ्या वाक्यांत ती नाहीं म्हणून काळजी आहे. मराठी भाषा हा भेद ‘शी’ आणि ‘च’ ह्या दोन अक्षरांनीं दाखविते. इंग्रजी तोच भेद ‘ए’च्या असण्यानसण्यानें दाखविते. ‘ए लिटल शुगर’ म्हणजे थोडीशी साखर. ‘लिटल शुगर’ म्हणजे थोडीच, जवळजवळ नाहीं. ‘ए फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे कांहीं मित्र आहेत. ‘फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मित्र असे फारसे नाहींत.

यावरून माझा मुख्य मुद्दा आपल्या ध्यानांत आला असेल. ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ हे शब्द एकटे आले म्हणजे त्यांच्या पोटांत एक नकार लपलेला असतो. वाक्यांत ‘नॉट’ कोठेंहि दिसत नाहीं, पण अर्थ नकाराचा असतो. ‘ए’ जोडला कीं तो नकार निघून जातो, आणि वाक्य होकारार्थी होतें.

ह्याला पुरावा काय, असें कोणी चौकस श्रोता विचारील. पुरावा इंग्रजीच्या बोलण्याच्या रीतींतच आहे. वाक्याच्या शेवटीं छोटासा प्रश्न जोडण्याची इंग्रजांना संवय आहे. वाक्य होकारार्थी असेल तर शेवटचा प्रश्न नकारार्थी येतो, आणि वाक्य नकारार्थी असेल तर तो होकारार्थी येतो. आतां पाहा : ‘ए फ्यू पीपल नो इट, डोण्ट दे?’ परंतु, ‘फ्यू पीपल नो इट, डू दे?’ दुसऱ्या वाक्यांत ‘नॉट’ नसूनहि शेवटचा प्रश्न होकारार्थी आला. म्हणजे इंग्रजाचा कान त्या वाक्याला नकारार्थीच समजतो.

ह्या शब्दांच्या आणखी कांहीं जोड्या ओळखून ठेवाव्या. ‘ओन्ली ए फ्यू’ म्हटलें कीं ‘ए’ असूनहि अर्थ पुन्हां ‘थोडेच’ असा होतो, कारण ‘ओन्ली’ हा आपल्या ‘च’चें काम करतो. उलट ‘क्वाइट ए फ्यू’ म्हणजे थोडे नव्हेत, बरेच. ‘नॉट ए फ्यू’ म्हणजेहि पुष्कळच. येथें शब्दशः भाषांतर करूं जाणारा हमखास फसतो. आणि ‘दि’ जोडला तर तिसराच अर्थ निघतो. ‘दि लिटल मनी आय हॅड’ म्हणजे माझ्याजवळ जे काय थोडेबहुत पैसे होते तेवढे सगळे. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर ज्यांचें इंग्रजी पोसलें अशा पिढ्या महाराष्ट्रांत होऊन गेल्या. वाक्य मराठींतून इंग्रजींत आणि इंग्रजींतून मराठींत असें दोन्ही बाजूंनीं पालटून पाहण्याची ती जुनी रीत ह्या शब्दांना अजूनहि उत्तम लागू पडते. ‘देअर विल बी लिटल फूड’ असें कोणी जेवणाच्या निमंत्रणांत लिहिलें, तर तें मराठींत उलटवून पाहावें. ‘आमचेकडे जेवावयास या, खावयास फारसें कांहीं नाहीं,’ असें आमंत्रण कोण स्वीकारील?

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. ‘फ्यू’ कोठें आणि ‘लिटल’ कोठें? ‘मेनी’ कोठें आणि ‘मच’ कोठें? आपली अडचण अशी कीं मराठींत ‘किती’ हा एकच शब्द दोन्ही ठिकाणीं चालतो. किती आंबे, किती दूध. पुष्कळ आंबे, पुष्कळ दूध. कमी आंबे, कमी दूध. इंग्रजी मात्र प्रथम विचारते कीं, वस्तु मोजावयाची आहे कीं मापावयाची? आंबे मोजतात, दूध मापतात. मोजण्याच्या वस्तूंना ‘मेनी’ आणि ‘फ्यू’. मापण्याच्या वस्तूंना ‘मच’ आणि ‘लिटल’. नियम एवढाच आहे, आणि तो सोपा आहे.

कठीण आहे तें निराळेंच. कोणती वस्तु मोजण्याची आणि कोणती मापण्याची, याविषयीं मराठीचें आणि इंग्रजीचें एकमत नाहीं. आपले ‘पैसे’ अनेकवचनी. ‘किती पैसे झाले?’ असें आपण विचारतों. इंग्रजांचा ‘मनी’ पाण्यासारखा आहे, तो मापावयाचा. म्हणून ‘हाउ मच मनी’. रुपये मात्र मोजावयाचे. म्हणून ‘हाउ मेनी रुपीज’. आपले ‘केंस’ अनेकवचनी. इंग्रजांचा डोक्यावरील ‘हेअर’ एकवचनी, जणूं एक टोपीच. पण त्यांतील दोन केंस पांढरे झालेले वेगळे दाखवावयाचे असतील, तर ‘टू व्हाइट हेअर्स’ म्हणतां येतें. आपण ‘तांदूळ निवडले’ म्हणतों. इंग्रजांचा ‘राइस’ एकवचनी. आपल्या ‘बातम्या’ पुष्कळ; त्यांची ‘न्यूज’ दिसावयास अनेकवचनी, पण वागते एकवचनासारखी. ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’ हेहि त्याच पंक्तींतले. ‘मेनी फर्निचर्स’ आणि ‘ॲडव्हाइसेस’ हे आपल्याकडील अर्जांत व पत्रांत भेटणारे शब्द इंग्रजाच्या कानाला ‘पुष्कळ दुधें’ ह्यासारखे लागतात. अशा वस्तूंचा एकच नग सांगावयाचा असेल तर ‘ए पीस ऑफ’ हे शब्द पुढें जोडावे. जसें आपण मीठ मोजीत नाहीं, पण मिठाचा खडा मोजतों.

ह्या भेदामागें नेहमींच तर्क असतो असें मात्र समजूं नये. इंग्रजींत गहूं, म्हणजे ‘व्हीट’, एकवचनी. आणि त्याच शेतांतले ‘ओट्स’ अनेकवचनी. वाटाण्याची गोष्ट तर फारच मौजेची आहे. जुन्या इंग्रजींत वाटाण्याला ‘पीझ’ म्हणत, आणि तो शब्द धान्यासारखा एकवचनी होता. शेवटचा ‘झ’कार ऐकून लोकांना तो अनेकवचनाचा प्रत्यय वाटला. पुढें सतराव्या शतकांत त्यांनीं तो काढून ‘पी’ असें नवेंच एकवचन बनविलें. जें धान्य मापलें जात होतें, तें मोजलें जाऊं लागलें. तेव्हां आपलीं मुलें ‘फर्निचर्स’ म्हणाल्यास त्यांना सुधारावें, पण फार रागावूं नये. इंग्रजांच्या पूर्वजांनींहि असले उद्योग केले आहेत.

‘मच’ ह्या शब्दाविषयीं एक लहानशी सूचना देतों. प्रश्नांत आणि नकारांत तो सहज शोभतो. साध्या होकारी वाक्यांत, म्हणजे ‘आय हॅव मच मनी’ अशा वाक्यांत, तो पुस्तकी वाटतो. तेथें बोलतांना ‘ए लॉट ऑफ मनी’ असें म्हणतात.

आतां ज्या जोडीवर साहेबाच्या घरींहि भांडणें होतात तिच्याकडे येऊं. ती ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ यांची. दोहोंचा मराठी अर्थ ‘कमी’. शाळेंतील नियम असा कीं, मापण्याच्या वस्तूला ‘लेस’ आणि मोजण्याच्या वस्तूंना ‘फ्यूअर’. म्हणून चहांत ‘लेस शुगर’, आणि ताटांत ‘फ्यूअर लाडूज’. हा नियम कांहीं ठिकाणीं खराच उपयोगी आहे. ‘फ्यूअर इंटेलिजंट बॉइज’ म्हणजे हुषार मुलें संख्येनें कमी. ‘लेस इंटेलिजंट बॉइज’ म्हणजे मुलें कमी हुषार. मुख्याध्यापकांनीं वार्षिक अहवालांत येथें गफलत केली, तर पालकांची समजूत घालतां घालतां त्यांना पुरेवाट होईल.

परंतु हा नियम वेदवाक्य नव्हे. नवव्या शतकांत इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याच्या नांवावर असलेल्या एका भाषांतरग्रंथांत ‘कमी शब्दांत’ अशा अर्थीं ‘लेस’ ह्याच शब्दाचें जुनें रूप आलेलें आहे. त्या काळीं ‘शब्दांपैकीं कमी’ अशी षष्ठी विभक्तीची रचना होती. पुढें विभक्तीचे प्रत्यय झडले आणि ‘लेस’ व अनेकवचन हीं एकमेकांशेजारीं उरलीं. ह्या प्रयोगावर प्रथम बोट ठेवलें तें १७७० सालीं रॉबर्ट बेकर ह्या ग्रंथकारानें. आणि त्यानेंहि नियम म्हणून नव्हे, तर अशा ठिकाणीं ‘फ्यूअर’ आपणांस अधिक बरा वाटतो, एवढ्याच बेतानें. पुढील व्याकरणकारांनीं त्या आवडीचा कायदा केला. हा कायदा अजून किती जागरूक आहे पाहा. ब्रिटनमधील टेस्को नांवाच्या मोठ्या दुकान-कंपनीच्या कांहीं गल्ल्यांवर, दहा किंवा त्याहून कमी वस्तु घेणाऱ्यांसाठीं, ‘टेन आयटेम्स ऑर लेस’ अशी पाटी असे. ‘फ्यूअर’ पाहिजे, ‘लेस’ चूक आहे, असा आक्षेप लोक घेत. अखेर २००८ सालीं कंपनीनें ‘अप टु टेन आयटेम्स’, म्हणजे दहा वस्तूंपर्यंत, अशी पाटी लावण्याचें ठरविलें. दोन्ही शब्द टाळले, आणि वाद मिटविला!

मग आपण काय करावें? परीक्षेंत, अर्जांत आणि छापावयाच्या लेखांत मोजण्याच्या वस्तूंना ‘फ्यूअर’ वापरावें, म्हणजे कोणास नांव ठेवण्यास जागा राहत नाहीं. मात्र उत्साहाच्या भरांत ‘फ्यूअर दॅन फायव्ह माइल्स’ असें लिहूं नये. अंतर, काळ आणि रक्कम यांच्या पुढें आंकडा असला तरी ती एक अखंड राशि मानतात; म्हणून ‘लेस दॅन फायव्ह माइल्स’, ‘लेस दॅन थ्री यिअर्स’, ‘लेस दॅन फिफ्टी रुपीज’ हेंच बरोबर.

‘नंबर’ आणि ‘अमाउंट’ यांचा भेदहि ह्याच तराजूनें तोलावा. माणसांचा ‘नंबर’, साखरेची ‘अमाउंट’. ‘ए लार्ज अमाउंट ऑफ पीपल’ म्हटलें कीं माणसें पोत्यांत भरल्यासारखीं वाटतात. ‘ए नंबर ऑफ बॉइज’ म्हणजे अनेक मुलें, तेव्हां क्रियापद अनेकवचनी : ‘आर ॲबसेंट’. ‘दि नंबर ऑफ बॉइज’ म्हणजे मुलांची संख्या, आणि संख्या ही एकच. तेव्हां ‘इज थर्टी’.

आतां शेवटच्या दोन शब्दांकडे वळतों, कारण त्यांतहि मघांचा तो लपलेला नकार आहे. ‘सम’ होकारांत आणि ‘एनी’ प्रश्नांत व नकारांत, असें आपण शिकतों. पण पाहुण्याला चहा विचारतांना, प्रश्न असूनहि, ‘वुड यू लाइक सम टी?’ असेंच म्हणावें. ‘सम’ म्हणणारा यजमान होकाराची वाट पाहत असतो. ‘एनी’ म्हटल्यानें प्रश्न अशुद्ध होत नाहीं. पण त्यांत तो आग्रह राहत नाहीं, आणि ‘चहा वगैरे नको ना?’ अशी छटा येऊं शकते. आपल्या घरांत हा फरक पाहुण्यांना चटकन् समजतो. इंग्रजींतहि तो समजतोच.

दुसरा शब्द ‘टू’. ‘फार’ ह्याचें भाषांतर आपण कधीं ‘व्हेरी’ आणि कधीं ‘टू’ असें मनाला येईल तसें करतों. ‘दि टी इज व्हेरी हॉट’ म्हणजे चहा फार गरम आहे. फुंकून फुंकून प्यावा. ‘दि टी इज टू हॉट’ म्हणजे इतका गरम कीं पिववत नाहीं. ‘टू’च्या मागें नेहमीं ‘नाहीं’ उभा असतो. म्हणून मुलाच्या गुरुजींना कौतुकानें ‘युवर टीचिंग इज टू सिंपल’ असें लिहूं नये. त्याचा अर्थ, आपलें शिकविणें नको तितकें सोपें आहे, असा होतो.

श्रोतेहो, एवढे सगळे नियम पाठ करण्याचें कारण नाहीं. लेखणी उचलण्यापूर्वीं आपल्याच भाषेंत स्वतःला दोन प्रश्न विचारावे. पहिला : ही वस्तु मला मोजावयाची आहे कीं मापावयाची? दुसरा : ती ‘आहे’ असें मला सांगावयाचें आहे, कीं ‘नाहीं’ असें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर इंग्रजीच्या संवयीनें द्यावें लागतें, आणि ती संवय वाचनानेंच येते. दुसऱ्याचें उत्तर मात्र प्रत्येक मराठी माणसाच्या जिभेवर तयार आहे. ‘थोडेंसें’ आणि ‘थोडेंच’ यांत चार वर्षांचें पोरहि घोटाळा करीत नाहीं. लाडू ‘थोडाच’ मिळाला तर तें रडतें, आणि ‘थोडासा आणखी’ म्हटलें तर हंसतें. ही समज आपल्याजवळ होतीच. इंग्रजी लिहितांना आपण ती बाजूला ठेवतों, एवढीच चूक.

दाखला बिघडलेल्या त्या माझ्या विद्यार्थ्यानें मला कधीं दोष दिला नाहीं. पुढें वर्षभरानें तो दुसऱ्या एका ठिकाणीं लागला. तेथें दिलेला दाखला मीं चार वेळां मराठींत उलटवून पाहिला होता. पहिला कागद मात्र त्याच्याकडून मागून घेतला, आणि तो अजून माझ्या पेटींत आहे. निवृत्त होईपर्यंत दरवर्षीं नव्या वर्गाला मी तें वाक्य फळ्यावर लिहून देत असें, आणि विचारीत असें, “मुलांनो, ही शिफारस आहे कीं तक्रार?” ज्या मुलाला उत्तर येई, त्याला कारण विचारीत असें. ज्याला येत नसे, त्याला हंसत नसें. कारण तें वाक्य कोणाचें, हें मला ठाऊक होतें.